एकतीस नंबरचा उन्हाळा

डॉ. मंजुषा भोयरचं नाव ज्या औषधामुळे झालं, तेच औषध आता तिचं नाव घालवायला निघालं होतं. औषध म्हणायचं ते आपलं म्हणायला. पुण्याच्या एका कंपनीने दोनशे चाळीस कुप्या धाडल्या होत्या, प्रत्येकीत चिमूटभर पूड, आणि त्यातली एकतीस नंबरची कुपी ही. तिचं कधी खरोखर औषध व्हायचं तर दहा-बारा वर्षं आणि डझनभर परीक्षा बाकी. त्यातली अगदी पहिली परीक्षा व्हायची वर्ध्याला, नालवाडीच्या टोकाला असलेल्या एका दुमजली प्रयोगशाळेत, आणि परीक्षक होती मंजुषा.

आपण काय काम करतो हे तिने नाचणगावच्या घरी आईला चार वेळा समजावून सांगितलं होतं. आईने चारही वेळा शेजारणीला "मंजू दवाखान्यात हाये" एवढंच सांगितलं. खरं तर काम सांगायला सोपं आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसांची आपल्याकडे काही कमी नाही. अशा कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, प्लॅस्टिकच्या प्लेटमधल्या शहाण्णव इवल्या खळग्यांत पेरायच्या, प्रत्येक खळग्यात एकेका कुपीतला थेंब घालायचा आणि प्लेट तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवून द्यायची. चौथ्या दिवशी वरून निळा रंग घालायचा. पेशी जिवंत असतील तर त्या निळ्याचा गुलाबी करतात. मेल्या असतील तर निळा तो निळाच राहतो. कॅन्सरच्या प्लेटमध्ये निळा दिसला की मंजुषाला आनंद.

मे महिन्यात तो दिसला. सगळी प्लेट गुलाबी आणि एकतीस नंबरचे आठही खळगे गडद निळे. निरोगी पेशींच्या प्लेटमध्ये त्याच एकतीस नंबरने कोणाला धक्कासुद्धा लावला नव्हता. तिने प्रयोग दुसऱ्यांदा केला, जूनच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा केला. तिन्ही वेळा निळाच. प्रयोगशाळेचे प्रमुख वासुदेवराव सर एरवी चहाची पावडर पुरवून पुरवून वापरायला सांगणारे, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन गोरसपाक बिस्किटांचे दोन डबे आणले आणि वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाटले.

मग जुलैत पुण्याच्या लोकांनी तोच प्रयोग त्यांच्याकडे केला. गुलाबी. त्यांनी कळवलं. मंजुषा मनात म्हणाली, यांना जमलं नसेल, आणि तिने आपल्या हाताने पुन्हा केला. गुलाबी. ऑगस्टमध्ये चारदा केला. गुलाबी, गुलाबी, गुलाबी, गुलाबी. तिला त्या रंगाचा इतका वैताग आला की भाचीच्या वाढदिवसाला घेतलेला फ्रॉक तिने दुकानात जाऊन बदलून आणला.

सप्टेंबरात पुण्याहून डॉ. ज्योत्स्ना यांचा मेल आला. सगळे प्रकल्प त्यांच्याच हाताखाली होते. मेल चार ओळींचा आणि अतिशय सभ्य होता. मूळ नोंदवह्या सह्यांसकट स्कॅन करून पाठवाव्यात, महिनाअखेरच्या शुक्रवारी तीन वाजता बोलू, मे महिन्याच्या निकालांपुढे काय शेरा लिहायचा ते त्यानंतर ठरवू. या धंद्यातल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आकडे शिजवलेत का, एवढंच त्या विचारत होत्या. आणि तसा शेरा एकदा फायलीत पडला की तो माणसाच्या मागोमाग हिंडतो. नोकरी बदलली तरी, गाव बदललं तरी.

मंजुषा घाबरली, यात शंका नाही. पण तिचा स्वभाव असा विचित्र की भीतीच्याही पुढे तिचं कुतूहल धावायचं. कोंबडी एकवीसच दिवस अंड्यांवर का बसते म्हणून लहानपणी तिने अठराव्या दिवशी एक अंडं फोडून पाहिलं होतं आणि आईचा मार खाल्ला होता. मार विसरली, आतलं पिल्लू कसं दिसत होतं ते अजून लक्षात होतं. आताही तिला राहून राहून एकच वाटत होतं. मी खोटं लिहिलं नाही हे मला माहीत आहे. मग मेमध्ये त्या मेल्या कशाने?

तिने एकेक धागा उसवायला घेतला. मेमध्ये वापरलेल्या पेशींच्या कुप्या गोठवून ठेवल्या होत्या, त्या काढून वाढवल्या. गुलाबी. पेशींना खाऊ घालायच्या द्रवाची मे महिन्यातली अर्धी बाटली उरली होती, ती वापरली. गुलाबी. प्लेटची कंपनी बदलली होती, म्हणून जुन्या प्लेट नागपूरहून मागवल्या. उन्हाळ्यात लाइट खाली-वर व्हायची, म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून व्होल्टेजचा कागद काढला. नोंदवहीचं पान न् पान वाचलं. मे महिन्यात डब्याला भाजी कोणती होती, तेवढं सोडून तिने सगळं लिहून ठेवलेलं होतं.

त्या शुक्रवाराआधीचा सोमवार उजाडला. प्रयोगाला तीन दिवस आणि वर अर्धा दिवस लागतो, म्हणजे शुक्रवारच्या आत करून पाहता येण्याजोगा एकच प्रयोग हातात उरला होता, आणि तो कोणता करायचा याचा तिला पत्ता नव्हता. तेव्हा तिने काहीतरी करायचं म्हणून इन्क्युबेटरच रिकामा केला. इन्क्युबेटर म्हणजे काचेचं आतलं दार असलेलं कपाट. आत अंगाइतकी ऊब असते आणि हवा सुकू नये म्हणून तळाशी पाण्याचा स्टीलचा ट्रे ठेवलेला असतो. तिने फळ्या काढल्या, ट्रे बाहेर ओढला, आणि ट्रेच्या दुमडलेल्या काठाखाली तिला एक बारीक तपकिरी धागा अडकलेला दिसला. नखाएवढा असेल.

दुसऱ्या कोणी तो पुसून टाकला असता. मंजुषाने चिमट्याने उचलला, वास घेतला. वासबीस काही नव्हता. केस म्हणावा तर जाड, बुरशी म्हणावी तर ताठ. तिने ब्लेडने त्याचा पातळ काप घेतला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. गोल रिंगण आणि रिंगणात नळ्याच नळ्या. वनस्पतीचं मूळ होतं ते. ज्या कपाटाचं दार उघडण्याआधी ती हाताला दोनदा स्पिरिट लावायची, त्या कपाटात झाडाचं मूळ.

इन्क्युबेटर धुणं-पुसणं तानबा उईकेकडे होतं. तानबा प्रयोगशाळेचा अटेंडंट, पन्नाशी ओलांडलेला, सेलूच्या पलीकडे बोरच्या जंगलाला लागून असलेल्या गावाहून रोज सायकल आणि बस करून येणारा. अबोल माणूस, पण काचेची भांडी अशी घासायचा की मंजुषा ती उजेडाला धरून बघायची आणि मग उगाच पुन्हा एकदा बघायची. तिने त्याला हाक मारली.

"तानबाभाऊ, इकडे या. हे काय हाये, पाहा बरं."

तानबा बारा वर्षं तो मायक्रोस्कोप पुसत होता, पण त्यातून बघ असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. "डोया कोनता लावू?" त्याने विचारलं.

"दोन्ही लावा."

तो वाकला. थोडा वेळ त्याला स्वतःच्याच पापण्या दिसल्या असणार. मग त्याचा चेहरा उजळला.

"अरे बापा! हा तं वाया हाये!"

"वाळा?"

"वायाची मुयी. तोडून पाह्यली का आतून अशीच नयीनयीची दिसते. लहानपनापासून खनून राह्यलो, मी नाई ओयखनार तं कोन ओयखनार? पन काय मोठी दिसून राह्यली हो!" त्याने आनंदाने मान वर केली. समोर इन्क्युबेटर उघडा पडलेला होता, ट्रे जमिनीवर होता. त्याचा आनंद तिथल्या तिथे विझला.

"हा इथं कसा आला, भाऊ?"

तानबा फरशीकडे बघत म्हणाला, "मॅडम, माह्यं कंत्राट डिसेंबरात सपते."

"कंत्राटाचं नाई विचारून राह्यली मी. वाळ्याचं विचारून राह्यली."

मग त्याने सांगितलं. एप्रिलात ट्रेच्या पाण्यावर बुरशी धरली होती, आठवते ना? दोन आठवड्यांच्या पेशी मेल्या आणि तुम्ही जिन्यात बसून रडल्या होत्या. पाण्यात टाकायचं औषध स्टोअरला मागितलं तर ते म्हणाले महिनाभर नाही.

"घरी आमी उन्हायाभर माठात वाया टाकतो. पानी नासत नाई. माह्या मायनं टाकला, तिच्या मायनं टाकला. मनलं, ह्या पेशी बी तं त्याच पान्याच्या हवेत जगून राह्यल्या. पानी चांगलं तं त्या चांगल्या. पयले उकयून घेतला, पट्टीच्या कपड्यात बांधला, मंग ठेवला. दर शनिवारी बदलवत होतो. आली का मंग बुरशी? उन्हायाभर आली का?"

आली नव्हती. त्यानंतर उन्हाळाभर एकही प्लेट बुरशीने गेली नव्हती आणि त्याबद्दल वासुदेवराव सरांनी भर मीटिंगमध्ये मंजुषाचं कौतुक केलं होतं. तिने ते मान खाली घालून स्वीकारलंही होतं.

"मग काढला काऊन?"

तानबाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू एवढी शिकलेली बाई हे काय विचारते आहे. "मृग लागला ना मॅडम. मृग लागल्यावर वाया कोन ठेवते?"

खरंच, कोण ठेवतं? मंजुषाने धावत जाऊन नोंदवही आणली. तिसरा निळा निकाल सात जूनचा होता. त्यानंतरच्या शनिवारी तानबाने गाठोडं काढलं होतं आणि त्या दिवसापासून आजपर्यंत सगळं गुलाबी होतं. इतके आठवडे आपल्याला वास कसा आला नाही, असं तिला क्षणभर वाटलं. पण मे महिन्यात वर्ध्यात वाळ्याच्या वासाला वास म्हणतं कोण? बाहेर माठात वाळा, ऑफिसच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या. अख्खी इमारतच त्या वासात बुडालेली असते.

ती खुर्चीत बसली आणि विचार करू लागली. वाळा ट्रेमध्ये असताना बाकीच्या दोनशे एकोणचाळीस कुप्यांचे खळगे गुलाबीच राहिले होते, म्हणजे नुसत्या वाळ्याने पेशी मरत नाहीत. नुसत्या एकतीस नंबरने मरत नाहीत हे तर सगळा ऑगस्ट ओरडून सांगत होता. मग दोघं एकत्र आले की? पाण्यातून वाफेबरोबर असं काय उठत असेल, की ते खळग्यात उतरून एकतीस नंबरला हाताशी धरतं? तिला कंपनी, शेरा, शुक्रवार यातलं काही आठवेना. तिला फक्त बघायचं होतं.

"म्हंजे," तानबा हळूच म्हणाला, "म्याच मारलं त्याईले?"

"कोणाले?"

"पेशीले. म्या तं जगवाले टाकला होता."

"भाऊ, त्या मरायलाच पायजे होत्या. कॅन्सरच्या हायेत त्या."

"ते समजते मले. पन पोसल्या तं आपनच ना." तो ट्रे उचलून धुवायला घेऊन गेला.  सात वर्षं मंजुषा पेशी पोसत आणि मारत होती आणि हे असं तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी तानबाने घरून वाळ्याची जुडी आणली. मे महिन्यातल्याच जुडीचा उरलेला अर्धा भाग, पुढच्या उन्हाळ्यासाठी आढ्याला टांगून ठेवलेला. "किती टाकत होते?" मंजुषाने पेन सरसावून विचारलं. "मूठभर," तो म्हणाला. हे नोंदवहीत कसं लिहायचं? तिने त्याला तीनदा मूठ भरायला लावली आणि तीनदा वजन केलं. एक्केचाळीस ग्रॅम, बेचाळीस, त्रेचाळीस. तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरापोरींचे आकडे याहून जास्त हलायचे.

मग त्याने मेमध्ये केलं होतं तसंच सगळं केलं. उकळलं, पट्टीत बांधलं, ट्रेमध्ये ठेवलं. मंजुषाने त्याची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून लिहून काढली. कोपऱ्यात एक जुना इन्क्युबेटर पडून होता, दार खांद्याने ढकलल्याशिवाय न लागणारा. त्यात साधं शुद्ध पाणी ठेवलं. दोन प्लेट भरल्या, अगदी सारख्या. अर्ध्या खळग्यांत एकतीस नंबर, अर्ध्यांत काही नाही. एक प्लेट वाळ्याकडे गेली, दुसरी साध्या पाण्याकडे. दार लावलं, आणि तीन दिवस ते उघडायचं नाही असं तिने तानबाला बजावलं. खरं तर ती स्वतःला बजावत होती, कारण दिवसातून दहा वेळा काचेला नाक लावून उभी तीच राहायची.

गुरुवारी तिने वासुदेवराव सरांना सगळं सांगितलं. सर टेबलावर थाप मारून उठलेच. "वाळा! अगं, काय सांगतेस!" मग ते बसले, आणि बसल्यावर त्यांच्यातला प्रमुख जागा झाला. त्यांनी कपाटातून इन्क्युबेटरच्या तपासणीची फाइल काढली. दर सोमवारी भरायचा तक्ता. त्यात एक रकाना होता: ट्रे उघडून पाहिला, फक्त शुद्ध पाणी आहे. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत त्या रकान्यात आठ सह्या होत्या. मं. भो., मं. भो., मं. भो.

"तू पाहिला होतास ट्रे?"

"नाही सर."

एकदाही पाहिला नव्हता. फाइलला दोऱ्याने पेन बांधलेलं असायचं, सोमवारी आल्या आल्या सगळे रकाने भरायचे आणि कामाला लागायचं. सगळेच तसं करायचे, सरही. पण सही तिची होती.

सरांनी फाइल मिटली. "हे बघ, कसं लिहायचं ते मी सांगतो. अटेंडंटने परस्पर, कोणालाही न विचारता, ट्रेमध्ये बाहेरची वस्तू टाकली. यात खोटं काय आहे? काही नाही. तेवढंच सांगायचं. आकडे शिजवल्याचा तुझ्यावरचा आळ गेला, विषय संपला."

"आणि तानबाभाऊ?"

"त्याचं डिसेंबरात संपतंच आहे."

वासुदेवराव सर वाईट माणूस नव्हते. तीस वर्षं दारोदार हिंडून त्यांनी ही प्रयोगशाळा उभी ठेवली होती, आणि पुण्याने हात काढून घेतला तर अकरा माणसं घरी बसणार हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मंजुषाला त्यांचा राग आला तो एवढ्यासाठी की त्यांनी लिहायला सांगितलेलं प्रत्येक अक्षर खरं होतं. त्यात खोटं काढायला गेलं तर हाताला काही लागत नव्हतं. फक्त त्यातून ती स्वतः गायब होती.

शुक्रवारी सकाळी तिने दोन्ही प्लेट काढल्या, निळा रंग घातला आणि पुन्हा आपापल्या जागी ठेवल्या. रंग फिरायला चार तास लागतात. तिने डबा खाल्ला नाही. दीड वाजता साध्या पाण्याची प्लेट बाहेर काढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी. मग वाळ्याची. डावा अर्धा भाग गुलाबी, उजवा अर्धा निळा. मधली रेघ पट्टीने मारल्यासारखी.

"तानबाभाऊ!" ती इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली डोकावलं. तिला हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते, आणि दोन्हींची तिला मुळीच लाज वाटत नव्हती. तानबा आला, प्लेटवर वाकला. बोट न लावता त्याने निळ्या बाजूवरून हवेतच बोट फिरवलं. "इकडच्या गेल्या," तो म्हणाला.

"हो. अन् एकट्यानं कोणीच नाई मारल्या. दोघांनी मिळून."

"काऊन पन?"

"तेच तं माईत नाई," मंजुषा म्हणाली, आणि ते म्हणताना ती महिनाभरात झाली नव्हती एवढी सुखी होती.

तीन वाजता पडद्यावर डॉ. ज्योत्स्ना दिसल्या. पांढरे केस, चष्मा कपाळावर, समोर मंजुषाच्या नोंदवह्यांची छापलेली पानं. मंजुषाने प्लेटचे फोटो दाखवले, वाळ्याचं सांगितलं, मुठीचं वजनसुद्धा सांगितलं. ज्योत्स्नाबाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "दोन कपाटं वेगळी आहेत. फरक वाळ्याचा नसून कपाटाचा असेल. अदलाबदल करून पाहिलंत?"

"नाही. तेवढा वेळ नव्हता."

"हं." त्यांनी एक पान उचललं. "हा तक्ता. ट्रेमध्ये फक्त शुद्ध पाणी, दर सोमवारी तुमची सही. आणि आता तुम्ही म्हणता, आत वाळा होता. यातलं खरं काय?"

मंजुषाच्या शेजारी बसलेले वासुदेवराव सर खाकरले. "त्याचं असं झालं मॅडम, की आमच्या अटेंडंटने—"

"मी डॉ. भोयरना विचारलं."

 बोलायचं काय ते मंजुषाच्या मनात गुरुवारीच ठरलेलं होतं, हे तिला बोलायला तोंड उघडल्यावर कळलं. "मी ट्रे एकदाही पाहिला नाही. आठ सह्या न बघता केल्या. वाळा तानबा उईके यांनी ठेवला होता, बुरशी जावी म्हणून, आणि त्याने ती खरोखर गेली. बुरशी गेल्याचं कौतुक मी घेतलं. मी एका जरी सोमवारी ट्रे उघडला असता, तर हे मेमध्येच कळलं असतं आणि तुमचे तीन महिने वाया गेले नसते."

 सरांनी डोळे मिटून घेतले.

"मे आणि जूनचे सगळे निकाल मी रद्द करते," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "एकतीस नंबरही रद्द."

"हो," मंजुषा म्हणाली.  बरोबरच होतं ते, तिने स्वतःही तेच केलं असतं, तरी दुखायचं ते दुखलंच.

ज्योत्स्नाबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांचा चेहरा पडदाभर झाला. "आता मला सांगा, तो वाळा कुठला?"

"तानबाभाऊंनाच विचारा," मंजुषा म्हणाली आणि त्याला बोलावून आपल्या खुर्चीत बसवलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला, ओले हात पँटला पुसत.

"बोरच्या अंगचा नाला हाये, मॅडम. तिथला. दिवाळी झाली का खनतो, सावलीत वायवतो."

"उन्हात का नाही वाळवत?"

"उन्हात वास उडते त्याचा."

त्यांनी ते लिहून घेतलं. आणखी बरंच विचारलं. किती उकळता, पाणी फेकता की ठेवता, जुनं मूळ की कोवळं. तानबा आता सैल होऊन सांगत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि इथे पुण्याच्या बाजारात मिळतो तो वाळा घेतला तर? त्यानेही असंच होईल?"

वासुदेवराव सर पडद्यात दिसणार नाहीत असे कोपऱ्यात उभे राहून जोरजोरात मान हलवायला लागले. नाही म्हण, आमचाच लागतो म्हण, म्हणजे काम वर्ध्यात राहील. तानबाने सरांकडे पाहिलं, मंजुषाकडे पाहिलं. मंजुषाने काहीच खूण केली नाही. मग तो खरोखर विचार करू लागला. पुण्याचा वाळा त्याने आयुष्यात पाहिलेला नव्हता.

"माईत नाई, मॅडम," तो म्हणाला. "लावून पाहा लागंन."

ज्योत्स्नाबाई हसल्या. त्या हसतात हे वर्ध्यात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी पडद्यावर प्रकल्पाची फाइल उघडली, सगळ्यांना दिसेल अशी. एकतीस नंबरच्या ओळीवर आडवी रेघ मारली. पुढे शेऱ्याचा रकाना रिकामा होता. मंजुषा त्या रकान्याकडे बघत होती. महिनाभर ती झोपेतसुद्धा त्याच रकान्याकडे बघत आली होती.

ज्योत्स्नाबाईंनी सावकाश टाइप केलं: 'माहीत नाही. लावून पाहावं लागेल. काम चालू, वर्धा आणि पुणे, सोमवारपासून.' आणि विचारलं, "निरीक्षण कोणाचं म्हणून लिहू?"

"तानबा उईके," मंजुषा म्हणाली.

"आणि तुमचं?"

"माझंही लिहा. त्यांच्याखाली."

तानबाने पडद्यावर आपलं नाव उमटताना पाहिलं. पहिल्यांदा त्यातली 'ई' ऱ्हस्व पडली होती, ती त्याने बोट दाखवून दुरुस्त करून घेतली.